शफ्याची चार सफरचंदं

हलिमा राजापूरच्या हापूसच्या कलमांत वाढली. तिचे अब्बा बाग राखायचे आणि ही दहा वर्षांची असताना झेला, म्हणजे जाळी बांधलेली लांब काठी, घेऊन आंबे उतरवायची. लग्न करून ती सौदीतल्या राबिघला आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिची बारा वर्षं गेली. इथं फळ म्हणजे दुकानातलं, थंडगार, स्टिकर लावलेलं.

ताइफच्या वर, शफ्याच्या डोंगरात सफरचंदांच्या बागा आहेत, तिथे स्वतःच्या हातानं फळं तोडू देतात, असं तिला कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून ती नवऱ्याच्या मागे लागली होती. ताजुद्दीन रिफायनरीत मेंटेनन्सला. दर ऑगस्टला तिथं दुरुस्तीसाठी शटडाऊन निघायचं आणि त्याला सुट्टी मिळायची नाही.

"पुढच्या शुक्रवारी नक्की," तो म्हणायचा. असे चार ऑगस्ट गेले.

गेल्या वर्षी हलिमानं गाडीचं लायसन्स काढलं. या ऑगस्टला पुन्हा शटडाऊन निघालं, तेव्हा तिनं वाद घातला नाही. बुधवारी स्वतःच बागवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "या, या, भरपूर आहेत." शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाल्यावर अकरा वर्षांच्या लेकीला, उमामाला, मागे बसवून ती निघाली.

चार तास गाडी चालवून, हदाचा घाट चढून ती बागेपाशी पोचली, तर फाटकाला साखळी. आतून म्हातारा मालक आला.

"सफरचंदं खलास."

"खलास कसं? परवा फोनवर तुम्हीच हो म्हणालात!" हलिमा मोडक्या अरबीत ओरडली.

"काल माकडं आली. अख्खी टोळी." त्यानं हात उडवले. "जे वाचलं ते घाईनं उतरवलं. ही पेटी घेऊन जा."

उमामा गाडीतूनच म्हणाली, "अम्मी, बॉक्स ले लो ना. सेम अ‍ॅपल्स हैं."

हलिमाला रडूच येईल असं वाटलं. येताना घाटातल्या माकडांना गाडीच्या काचेतून हसत हसत फोटोत घेणारी हीच पोरगी.

"पेटी नको मला," ती मालकाला म्हणाली. "पेटी राबिघलाही मिळते. एकही नाही झाडावर?"

म्हाताऱ्यानं साखळी काढली. फांद्या मोडलेल्या, खाली अर्धवट चावलेली फळं. एका झाडाच्या अगदी शेंड्याला मात्र काही हिरवी सफरचंदं दिसत होती. शिडी तिथवर पोचत नव्हती आणि झाडावर तो तिला चढू देईना. पडलात तर पोलीस मला विचारतील, म्हणाला.

मग हलिमानं कुंपणाजवळची लांब काठी उचलली. गाडीतून ओढणी आणली, तारेचं कडं करून त्यावर ती पिशवीसारखी बांधली. पहिल्यांदा फळ निसटून फुटलं. दुसऱ्यांदाही. तिसरं अलगद ओढणीत आलं. चार फळं झाली तोवर म्हातारा जवळ येऊन उभा राहिला होता.

"द्या इकडे," म्हणत त्यानं काठी घेतली आणि स्वतःच फळं काढून आपल्या पेटीत टाकू लागला. त्याला ती युक्ती इतकी आवडली की काठी परत देईच ना. तेवढ्यात जुम्म्याची बांग झाली. "यल्ला, चला, बाग बंद." काठी त्याच्याकडेच राहिली, ओढणीसकट.

गाडीत बसते तोच ताजुद्दीनचा फोन आला. "किती मिळाली?"

"चार."

"किलो?"

"नग."

तो हसला. तिनं फोन कापला.

घाटात ट्रॅफिक तुंबलं होतं. हलिमानं एक सफरचंद कुर्त्याला पुसून दातांखाली धरलं. आंबट, कच्चं. उमामानं मागून हात पुढे केला, एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सो सोअर!"

"सगळं खा," हलिमा म्हणाली, आणि पुढच्या गाडीवर जोरात हॉर्न वाजवला.