सूप पाटावर

आमच्या सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत सरकारी दवाखान्यातली एक फिजिओथेरपिस्ट दर गुरुवारी यायची. "हनुवटी आत, खांदे मागं," हे ती आरतीच्या चालीवर म्हणायची. माझ्या आईची मान तंबाखू-पानांच्या सुपावर वाकून वाकून आखडली होती. एकदा तिनं आईचं सूप स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तासभर विड्या वळल्या.

"ताई, ही विडी हाय की शेंग?" आई हसली.

ताई स्वतःची मान चोळत उठली. पुढच्या गुरुवारी उंच पाट घेऊन आली. "मावशी, मान सुपाकडं नेऊ नका. सूप मानेकडं आणा."

या बायकांच्या मागण्यांची मी ढीगभर पत्रकं लिहिली, पण सुपापाशी कधी बसलो नाही.

तिची बदली झाली. गुरुवारी दार वाजलं की आईची मान आता न दुखता वर होते. दारात ती नसते.