अर्धी पुसलेली प्लेट

सकाळी इम्तियाजचा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी दूध तापायची वाट बघत उभी होते. आदल्या संध्याकाळी रेहानाला स्टुडिओत काम करता करता अस्वस्थ वाटायला लागलं, तिनेच भावाला, म्हणजे त्याला, फोन करून बोलावून घेतलं, त्याने दवाखान्यात नेलं आणि पहाटे ती गेली. हे सगळं तो एका दमात बोलला. रात्रीच का कळवलं नाहीस म्हणून मी त्याच्यावर ओरडले. दूध उतू गेलं. ज्याची बहीण गेली त्यालाच मी बोल लावत होते हे नंतर लक्षात आलं, पण तेव्हा कोणावर तरी रागावणं मला गरजेचं होतं.

बिबवेवाडीत इम्तियाजच्या घरी बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला बसवेना. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण समोर पांढऱ्या कापडात, आणि मी मात्र पायांची अदलाबदल करत भिंतीला टेकून उभी. दुपारी पुरुष मंडळी तिला घेऊन निघाली तेव्हा इम्तियाज माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "ताई, धायरीचा स्टुडिओ घाईघाईत तसाच राहिलाय. दार नुसतं ओढून घेतलंय. कुलूप लावून याल?" काहीतरी करायला मिळालं याचं मला इतकं हायसं वाटलं, की मी चपला शोधतानाच रडले.

स्टुडिओत टेबलावर प्लेट होती. शाई लावलेली, अर्धी पुसलेली. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जस्ताच्या पत्र्यावर सुईने चित्र काढून ते ॲसिडने कोरतात. मग सगळ्या पत्र्यावर शाई माखतात आणि ती पुसत पुसत आणतात. आधी जाळीच्या कापडाने, शेवटी उघड्या तळहाताने... फक्त रेघांमध्ये शाई उरेपर्यंत. वर ओला कागद ठेवून प्लेट प्रेसमधून काढली की छाप मिळतो. पुसणं हीच खरी कला. तीच प्लेट दोघींनी पुसली तर चित्रं दोन निघतात. रेहानाने वरचा भाग हाताने लख्ख पुसला होता. खालचा नुसता काळा. मधल्या सीमेवर तिच्या तळव्याच्या कडेचे फटकारे दिसत होते.

शाई आवळायला लागली होती. तशीच ठेवली तर रेघांमध्ये वाळून बसणार आणि प्लेट वाया जाणार. रॉकेलने धुवून टाकली तर तिचा हात त्याच्याबरोबर जाणार. आणि छापायची, तर दुसऱ्याच्या प्लेटला हात लावायचा नाही हा नियम तिनेच स्टुडिओत शनिवारी जमणाऱ्या आमच्या मंडळींना लावलेला. कोणी तरी एकदा भलेपणाने तिची प्लेट पुसून ठेवली, तर बाईसाहेबांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मला तिचा भयंकर राग आला. अगं, एवढं अर्धवट कोणी टाकून जातं का?

खरं तर अर्धवट टाकणं हा तिचा स्वभावच. चहासुद्धा उभ्याने, आणि कपात दोन घोट ठेवून. तिच्या अब्बांचा लग्नपत्रिका छापायचा कारखाना होता, आता इम्तियाज चालवतो. शाईचा वास तिला घरातूनच लागलेला. आर्ट कॉलेजात आम्ही भेटलो. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवायला लागले, पगार, पेन्शन, सगळं जागच्या जागी. तिने जुनी प्रेस विकत घेतली आणि नारायण पेठेत खोली भाड्याने घेतली. खालचे मालक एकदा वर येऊन अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "आपण काम जरूर करा. फक्त आम्ही जेवायला बसतो तेव्हा वरणावर तूप पडतंय की रॉकेल, एवढं कळू द्या." महिन्याभरात प्रेस टेम्पोत चढली. मग आणखी दोन जागा, आणि शेवटी शहराच्या कडेला धायरीत एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमागची शेड. प्रेसचं ते मोठं चाक बघून वर्कशॉपचा मालक म्हणाला, "ताई, रसाचं गुऱ्हाळ टाकनार हाय काय?" "ऊस तुम्ही आणा," ही म्हणाली. तो खरंच मोळी घेऊन आला. मग त्यालाच चाक फिरवायला लावून तिने त्याला एक छाप काढून दिला. तो अजून त्याच्या गल्ल्यामागे टांगलेला आहे.

तिथे दर शनिवारी प्रेस सगळ्यांसाठी खुली असे. कॉलेजची मुलं, नोकरीवाले, माझ्यासारख्या निवृत्त बाया. ती शिकवायची कमी आणि भांडायची जास्त. छापचित्रांना कोणी दुय्यम म्हटलेलं तिला खपत नसे. एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी विचारलं, "हे ओरिजिनल आहे की प्रिंट?" "दोन्ही," ती म्हणाली. "आपण?" गृहस्थ पुढच्या चित्राकडे वळले.

आणि ही प्लेट. शेडच्या खिडकीतून दिसणारी धायरी ती कितीतरी वर्षं एकाच पत्र्यावर कोरत होती. नवी इमारत उठली की जुनं खरवडायचं, घासून सपाट करायचं, वर नवं कोरायचं. "काय बाई, धायरी थांबली की मी थांबते," असं मला म्हणायची. पत्रा चाळणीसारखा व्हायची वेळ आली, पण तिने तो पूर्ण झाला असं कधी म्हटलं नाही.

ओले कागद प्लॅस्टिकखाली तयार होते, तिनेच भिजवून ठेवलेले. ते दिसले आणि माझं ठरलं. मी पुसलं नाही, नवी शाई लावली नाही. शाई सैल व्हावी म्हणून प्लेट जराशी गरम केली, कागद ठेवला आणि चाक फिरवलं. वरच्या अर्ध्यात इमारती स्पष्ट, गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांसकट. खाली काळा चिखल. इथे थांबायला हवं होतं, पण मला थांबवेना. त्याच प्लेटवर दुसरा कागद ठेवला. वरचं फिकं झालं, पण खालच्या काळ्यातून रस्ता वर यायला लागला, दुकानं, तारा. तिसऱ्यात खालचं छान उमटलं तेव्हा वरचं जवळजवळ पुसलं गेलं होतं. सगळं चित्र एका कागदावर आलंच नाही. मी कागद ठेवत गेले, चाक फिरवत गेले, खांदे भरून आले... शेवटचा कागद पांढराच निघाला. मग मी प्लेट धुतली, कुलूप लावलं आणि घरी गेले.

पुढचे काही आठवडे ते कागद भिंतीवर लावायचे की नाही यावर आमच्या मंडळींत वाद चालला. सारंग हा आमच्यातला हुशार आणि उत्साही मुलगा. त्याचं म्हणणं, आपण नव्याने शाई लावून नीट छाप काढू, लोकांना पूर्ण चित्र तरी बघायला मिळेल. मी म्हटलं, ते तुझं चित्र होईल. निदान तो कोरा कागद तरी लावू नका, लोक हसतील, असं तो म्हणाला. लावायचे तर सगळे, नाहीतर एकही नाही, यावर मी अडून बसले. मला ते कागद भिंतीवर लागल्याशिवाय चैन पडणार नव्हतं आणि लागल्यावर पडेल याचीही खात्री नव्हती.

स्टुडिओतच लावले, काच न घालता, ओळीने. इम्तियाज आला. पहिल्या कागदापासून सावकाश पुढे सरकत तो पांढऱ्यापाशी थांबला आणि पत्रिका छापणारा माणूस कागद तपासतो तसा त्याने सवयीने त्यावर अंगठा फिरवला. सारंग त्याला अडवायला पुढे झाला, मी सारंगचा दंड धरला. कोरलेल्या रेघांत कागद दाबला गेला होता, सगळी धायरी त्यावर उठून आली होती. इम्तियाजने डोळे मिटले. अंगठा एकेक मजला चढत गेला आणि एका मोकळ्या जागी अडखळला.

"ताई, इथे काही होतं का?"

तिथे आंबा होता. शेडमागचा. तो तोडला त्याच आठवड्यात तिने पत्र्यावरून खरवडून काढला होता, त्यानंतर कुठल्याच छापात तो दिसलेला नव्हता. मी तसं सांगितलं.

"खरवडलाय," इम्तियाज म्हणाला, "पण हाताला लागतोय."

त्याने अंगठा बाजूला घेतला. मी माझा ठेवला. लागत होता.