काचताईचं ‘नको’

आई गेली त्या दिवशी काचताई सरळ दुकानात कामाला निघून गेली, अशी आमच्या इमारतीत बातमी आहे. तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही आणि जिना उतरताना ती चक्क गुणगुणत होती, असंही त्या बातमीत आहे. तळमजल्यावर शिवणक्लास चालवणाऱ्या बाई तर सुईत दोरा ओवता ओवता ती तुम्हाला सांगून टाकतील.

बातमीच्या बाबतीत मी स्वतः काही मागे राहणारा माणूस नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको लग्नापासून म्हणत आली आहे. पण माझं दार काचताईच्या दारासमोर आहे आणि त्या सकाळी मी त्या घरात होतो, म्हणून दुरुस्ती करतो. काचताई दुकानात गेली हे खरं. पण कामाला नाही, आईचा चष्मा घेऊन गेली. डाव्या काचेवर ओरखडा पडलाय, सगळं पुसट दिसतं, अशी म्हातारीची कुरकुर बरेच दिवस चालू होती. नवी काच आली की बसवून देते, असं काचताईने कबूल केलं होतं. काच आली होती. ती गेली, काच बसवून परत आली, रुमालाने पुसली आणि चष्मा आईच्या डोळ्यांवर चढवला. काड्या कानामागे नीट बसल्यात का, तेही बोटाने चाचपून पाहिलं. गुणगुणत मात्र होती. एकच सूर, वर नाही की खाली नाही. फार घाबरली की ही असं करते, हे तिची आई आम्हाला समजावून सांगायची. पण ती समजावणारी तर समोर पलंगावर निजलेली होती.

काचताई म्हणजे चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत काचा घासणारी बाई. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कड गुळगुळीत करायची, बसवायची. त्या यंत्राची घरघर ऐकून माझे दात शिवशिवतात. तिला यंत्राचा आवाज चालतो, माणसांचा जड जातो. काचताई हे नाव मीच ठेवलेलं. एकदा विचारलं, “राग येतो का गं या नावाचा?” तर म्हणाली, “नाही. काचा घासते. बरोबर आहे.” चिडवणाऱ्याची इतकी निराशा कुणी केली नसेल.

तिचं वेगळेपण सगळ्यांना दिसायचं, फक्त प्रत्येकाने त्याला आपापलं नाव दिलं होतं. जिन्यात गाठ पडली की ती भिंतीकडे बघत बोलायची. मी म्हणायचो, गल्लीभर लोकांच्या डोळ्यांची सोय लावते आणि एकाच्याही डोळ्यांत बघत नाही. शिवणक्लासवाल्या बाईंनी एकदा नवा ड्रेस घालून तिला विचारलं, “कसा दिसतो?” ती म्हणाली, “पाठीत ओढला जातोय.” शिवणाऱ्या बाईला असं सांगायचं? तेव्हापासून बाईंच्या लेखी ती गर्विष्ठ. वरच्या मजल्यावर ती ‘जरा डोक्यावर परिणाम झालेली’. आणि आमच्या घरात, माझ्या कृपेने, विनोदाचा विषय.

मग एके दिवशी तिची आई भाजीची पिशवी घेऊन जिन्यात दम खायला थांबली आणि मला म्हणाली, “हिला डॉक्टरांकडे नेलं होतं. ऑटिझम आहे म्हणाले. हा आजार नव्हे हो, जन्मापासूनची घडण आहे तिची. चाळिशी आली पोरीची आणि मला आत्ता कळलं. इतकी वर्षं लोकांत मिसळ, लोकांत मिसळ म्हणून बोलत राहिले तिला.” एवढं बोलून तिने पिशवी उचलली. मी धरतो म्हटलं, पण दिली नाही.

बातमी त्याच संध्याकाळी वरपासून खालपर्यंत पोचली. कुणी पोचवली ते विचारू नका.

त्यानंतर मोठी गंमत झाली, आणि गंमत म्हणायला आता जीभ अडखळते. गर्विष्ठ होती तोवर लोक तिला निदान बाई समजत होते. नाव कळलं आणि ती सगळ्यांसाठी एकदम लहान मूल झाली. ती समोर उभी असताना लोक तिच्या आईला विचारायचे, “हिला चहा चालतो का?” एक जण म्हणाला, “पण तसं दिसत नाही हो तोंडावर.” दुसऱ्याला कुणा नातेवाइकाचा मुलगा आठवला, तो तर बोलतच नाही, मग ही कशी बोलते? शिवणक्लासवाल्या बाई तर तिच्याशी एकेक अक्षर सुटं करून, मोठ्याने बोलायला लागल्या. “जे...व...लीस...का?”

काचताई म्हणाली, “मला ऐकू येतं. आणि भरभर बोला, तुमचं वाक्य संपेपर्यंत मी वर पोचते.”

आम्ही खूप हसलो. तिने विनोद केला नव्हता, हे फक्त तिच्या आईला समजलं होतं. आमचं बोलणं तिला आणि तिचं आम्हाला समजावण्याचं काम ती म्हातारी बिनबोभाट करायची. ती गेली आणि मधला दुभाषा गेला.

आता आमच्या इमारतीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे ‘नको’ला ‘नको’ समजत नाहीत. चहा घेणार का विचारलं की पाहुणा नको म्हणतो, आपण आग्रह करतो, तो पुन्हा नको म्हणतो, आणि मग चहा येतो. पहिल्या नकारावर थांबेल तो माणूस चिक्कू. काचताईने आई गेल्यावर दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, “सोबतीला कुणी येऊ नका. जेवण नको. मला शांत हवंय. काही लागलं तर मी सांगेन.” याहून स्वच्छ बोलणं त्या जिन्यात कधी झालं नसेल. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बिचारी, संकोच करते.

मग काय, रांग लागली. सकाळी एक, दुपारी दुसरी, संध्याकाळी माझी बायको. घर खायला उठू नये म्हणून कुणी टीव्ही लावून ठेवायचं. कुणी तिला मिठीत घ्यायचं, मग ती लाकडासारखी ताठ व्हायची, मग ती बाई खाली येऊन सांगायची, “मायाच नाही हो.” काचताई रोज सांगत होती, “नको. खरंच नको.” आणि ते ‘खरंच’ ऐकून आम्हाला आणखी भरून यायचं.

एका सकाळी ती दुकानात गेलेली असताना बायकांनी तिचं घर आवरायला घेतलं. किल्ली आईने कधीकाळी शिवणक्लासवाल्या बाईंकडे ठेवली होती. आईचा पलंग डोळ्यांसमोर राहिला तर पोरीला सारखी आठवण येईल, म्हणून तो उचलून माळ्यावर टाकला. तो उचलायला मला बोलावलं होतं. पडदे बदलले, कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं, फरशी कसल्याशा वासाच्या पाण्याने पुसली. खोली अशी लख्ख केली की बघत राहावं. सगळ्यांना वाटलं, आज तरी हसेल.

ती आली. दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली. मग जिन्यात खाली बसली, दोन्ही हात कानांवर दाबले आणि डोकं भिंतीवर आपटायला लागली. तोच तो एक सूर, पण आता ओरडण्याएवढा मोठा. सगळे धावले आणि सगळे एकदम बोलायला लागले. माझ्या बायकोने तेवढं शहाणपण केलं, आपली उशी आणून तिच्या डोक्यामागे धरली आणि गप्प बसून राहिली. पण तोवर कुणीतरी तिच्या भावाला फोन लावला होता.

भाऊ दुसऱ्या गावात असतो, बायकामुलांचा माणूस. वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. शिवणक्लासच्या खोलीत, यंत्रांच्या मधे खुर्च्या मांडून तो आम्हाला म्हणाला, “खरं सांगा. ही एकटी इथे राहू शकेल?”

“म्हणजे, आम्ही आहोतच की,” वरच्या मजल्यावरचे म्हणाले. “पण...”

“तिची सोय व्हावी एवढंच वाटतं,” शिवणक्लासवाल्या बाई म्हणाल्या. “पण...”

मी काहीतरी थट्टेचं बोललो. कुणी हसलं नाही.

काचताई कोपऱ्यात शिलाई यंत्राच्या चाकाकडे बघत बसली होती. म्हणाली, “दादा, मला इथे राहायचंय. पलंग खाली आणला की मी ठीक होईन. कुणी येऊ नये, एवढंच. दुकानातही माझी जागा आहे.”

“हो, हो,” भाऊ म्हणाला. आमच्याकडचं ‘हो, हो’ म्हणजे काय, ते तिच्याखेरीज सगळ्यांना कळलं. मग तिने आमच्याकडे मान वळवली. चेहऱ्यांकडे नाही, गुडघ्यांच्या आसपास. “मी इथे राहिले तर कुणाला अडचण आहे का?”

“छे, छे,” सगळे म्हणाले. “अडचण कसली.”

ती समाधानाने वर गेली. तिच्या बाजूने निकाल लागला, असं तिला वाटलं असणार.

भावाच्या गावी न्यायला टेम्पो आला तेव्हा ती सामान अडवायला खाली धावली. भाऊ तिला बाजूला घेऊन बराच वेळ बोलला. आम्ही फाटकापाशी जमलो होतो, निरोप द्यायला येतात तसे. दुकानदारही आला होता. तो तिच्या कामाच्या खुर्चीवरची उशी घेऊन आला आणि ती कुणाच्या हातात द्यावी ते न सुचून तसाच उभा राहिला. पलंग माळ्यावरून काढून टेम्पोत चढवला, तेव्हा ती त्याला हात लावून त्याच्याबरोबर चालत गेली. मग पुढच्या सीटवर बसली.

“येत जा हं,” शिवणक्लासवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि या वेळी अक्षरं सुटी केली नाहीत.

“सुट्टीत येत जा,” वरचे म्हणाले.

“काचताई, घर तुझंच आहे, कधीही ये,” मी म्हणालो. बायको टेम्पोच्या खिडकीची काच धरून उभी राहिली.

काचताईने सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही सगळे ‘येत जा’ म्हणताय. ‘जाऊ नको’ असं कुणीच म्हणालं नाही.”