हिरवी खूण

ऑफिसात कोणी ‘पाठवलं’ म्हटलं, की निर्मलाताई मान वर न करता विचारायच्या, ‘‘पोहोचलं काय?’’ मेल असो, बिल असो, नाहीतर चहाच्या टपरीवर सांगितलेला चहा असो. ‘‘पाठवणं आपल्या हातात असते भाऊ, पोहोचणं नसते,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या माणसाला त्याचा राग येई. मलाही आला होता.

यवतमाळात आमचं मोबाइल ॲप बनवण्याचं छोटंसं ऑफिस होतं. ताई आर्णीजवळच्या तांड्यातल्या. घरच्या फोनवर बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, आणि साहेबांसमोर तोलूनमापून पुस्तकी मराठी. हसल्या की पदर तोंडाला लावत, मग आठवे की आपण ड्रेस घातलाय, आणि पुन्हा हसत.

नेटवर्कचे धडे मला त्यांनीच दिले, तेही आर्णीच्या एसटीत बसवून. गाडी टेकाडाआड गेली की फोनवरच्या दांड्या एकेक करून विझत.

‘‘पाहा, टेबलावरच्या कम्प्युटरले तार असते. मोबाइल म्हणजे चालता माणूस. आता होता, आता नाही. तुमच्या ॲपनं सर्व्हरले निरोप धाडला अन् उत्तर आलं नाही. मंग काय समजसान?’’

‘‘निरोप गेला नाही.’’

‘‘काहून? गेला असंल, उत्तर वाटेत हरवलं असंल. घाईनं दुसरा धाडला तर एका कामाची दोन कामं होतीन. म्हणून हरेक निरोपाले नंबर द्या. थोडं थांबा. मंग तोच नंबर पुन्हा धाडा. अन् उत्तर येईपर्यंत समोरच्या माणसाले खोटं सांगू नका.’’

पुढे एका संस्थेचं काम आलं. खेड्यापाड्यांतून आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला संस्थेची गाडी होती. ती बोलवायचं ॲप करायचं होतं. बटण दाबलं की निरोप सर्व्हरला जाणार, तिथून ड्रायव्हरला. ताईंनी ते जीव लावून केलं. नेटवर्क नसेल तर निरोप फोनमध्ये थांबून राहील आणि रेंज आली की आपोआप निघेल, अशी सोय केली. तोवर पडद्यावर लिहिलेलं असे : ‘निरोप अजून पोहोचला नाही. दुसरी सोय पाहा.’

साहेबांना तेच खटकलं. ‘‘संस्थेचे लोक बघायला येणार, आणि आपणच सांगायचं का की आमचं ॲप चालत नाही? बटण दाबलं की हिरवी खूण आली पाहिजे. ‘गाडी येत आहे.’ माणसाला धीर येतो.’’

ताई भांडल्या. दार लावून भांडल्या, मग दार उघडं ठेवून भांडल्या. शेवटी थकल्या. ‘‘पुढच्या वेळी बदलून टाकू,’’ असं म्हणाल्या आणि ती खूण त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली.

पावसाळा सरता सरता एका दुपारी संस्थेचा ड्रायव्हर फोनवर ओरडत होता. ‘‘घराले कुलूप हाय! गाडी बोलावता अन् माणूस जागेवर नाही?’’ ताईंनी गाव विचारलं. मुकुटबनच्या पलीकडचं, टेकड्यांतलं. ‘‘तिथं रेंज नसते,’’ त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत कळलं. फवारणी करताना एका माणसाला विषबाधा झाली होती. तो गेला होता.

आम्ही दोघं गेलो. साहेबांनी नको सांगितलं होतं. सुमनबाई, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

‘‘शेजाऱ्याचा ऑटो दारात उभा होता,’’ सुमनबाई सांगू लागली. ‘‘तो म्हणे, टाका यांले गाडीत, मी नेतो. मी म्हटलं, राहू दे, फोनात हिरवी खूण आली, दवाखान्याची गाडी येऊन राह्यली. तिच्यात नळी असते, सुई असते. तो ऑटो घेऊन गेला. आमी वाट पाहत बसलो. यांचा घाम थांबे ना. मंग पुन्हा त्यालेच बोलावून आणलं. मोठ्या रस्त्याले लागेपर्यंत हे गेलते.’’

ज्यावरून गाडी बोलावली तो फोन तिच्या पिशवीत होता. मोठ्या रस्त्यावर रेंज आली, आणि तेव्हा कुठे निरोप निघाला. गाडी त्यानंतर बंद घरी पोहोचली.

मला वाटलं, ताई सांत्वन करून उठतील. त्या म्हणाल्या, ‘‘बाई, गाडी येतच नव्हती. तुमचा निरोप फोनातून निघालाच नव्हता. ती खूण खोटी होती. मी बसवली.’’

‘‘मंग ऑटो कायले परत पाठवला मी?’’ सुमनबाई एवढंच म्हणाली.

चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं, त्या भागात टॉवरच नाही, त्याला आम्ही काय करणार? ते खोटंही नव्हतं. ताईंनी सांगितलं, खूण माझी. पण सगळ्यांना टॉवरचं कारण सोपं पडलं. ॲप बंद झालं, संस्थेनं दुसरं घेतलं.

ताई पुन्हा एकदा एकट्याच त्या गावाला गेल्या. परत आल्या तेव्हा मी विचारलं. ‘‘येऊ नको म्हणे. मी गेली का तिले तो दिवस दिसते.’’ पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. निरोपाला आम्ही मिठाई आणली होती. ती कुणी उघडली नाही.

नंतर त्यांचा फोन लागेना. एकदा आर्णीला कामानं गेलो, तेव्हा विचारत विचारत तांड्यावर पोहोचलो. ताई पुण्याला होत्या, लहान मुलांना गणित शिकवत होत्या. त्यांच्या भावानं आत जाऊन त्यांना फोन लावला. बाहेर येऊन म्हणाला, ‘‘तुमच्या ऑफिसातल्या कोणाशी बोलत नाही म्हणते. नंबर पण देऊ नको म्हणे.’’

त्यांच्या आईनं बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, ‘‘तुमी तिच्यासंगं होते ना? पोरगी घरी आली तवा मले, आपल्या मायले, म्हणे, याडी, मी माणूस मारला. खरंच मारला काय तिनं?’’

‘‘नाही, माय.’’



‘‘आमचं ती ऐकत नाही,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘तुमी सांगा ना तिले.’’