ज्वारीची खळ

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माझ्या साडूंइतका सरळ माणूस झाला नाही, आणि हे मी त्यांच्या स्वभावाविषयी म्हणत नाही. स्वभावाने ते बरेच वाकडे होते. सरळ जायची ती त्यांची गोळी. साठ सालच्या आसपास ते अमरावतीबाहेरच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, हवालदार होते. रायफलीच्या काडतुसांची नवी पेटी आली की वाळूच्या पोत्यांवर बंदूक टेकवून ते पाच गोळ्या झाडत. पाचही भोकं त्यांनी घरून आणलेल्या बशीखाली झाकली गेली तर पेटी पास, नाहीतर बाद. चाचणीच्या दिवशी ते चहा पीत नसत, कारण चहाने बोट थरथरतं. बायकोशी भांडत नसत, कारण भांडण खांद्यात उतरतं. लग्नात अक्षतासुद्धा एकेक दाणा नेम धरून टाकत. भातकुलीच्या एका नवरदेवाने डोळा चोळत तक्रार केली, तर त्यालाच म्हणाले, "तू हाललास कावून?" पेटीवर ओलं गोणपाट टाकून तिचा वास घेत आणि मला बजावत, "साडभाऊ, काडतुसाले ऊन लागलं का थे माणसावानी भडकते."

नेम धरायच्या कागदी निशाणाखालच्या खंदकात माझी नेमणूक होती. नळी तापवायला ते आधी जुनी पाच काडतुसं त्याच निशाणाच्या कडेकोपऱ्यांत झाडत. त्या भोकांवर मी खळ लावून कागदाचे तुकडे चिकटवायचे, मग खरी चाचणी. खळीसाठी सरकारातून मैदा मिळे. त्या वर्षी बाजारात मैदा दिसत नव्हता. मी तो घरी नेला, बायकोने करंज्या केल्या, आणि त्यातल्या सहा साडूंनीच खाल्ल्या. खळ मी ज्वारीच्या पिठाची केली.

वैशाखातल्या उन्हात ती किती टिकणार? चाचणीच्या पाच गोळ्या झाल्या आणि वर बघतो तो माझे चार तुकडे सुकून गळून पडलेले, पाचवा तेवढा चिकटून. आणि मधोमध नवं असं एकच फाटकं भोक. पाचही गोळ्या त्यातूनच गेल्या होत्या. तुकडे उचलणार तोच शिपाई निशाणाचा कागद काढून घेऊन गेले. टेबलावर सगळ्यांनी भोकं मोजली. मधलं एक, कोपऱ्यांतली चार.

"पेटी बाद," साहेब म्हणाले.

साडूंनी कागदावर बशी ठेवून बघितली. "नाही साहेब. काडतूस इमानदार हाय, म्या वास घेतला व्हता. माहा हात गेला."

मी शेजारीच उभा होतो. बोललो असतो तर मैद्याचं निघालं असतं आणि नोकरी गेली असती. साहेबांनी पुन्हा झाडायला सांगितलं. साडूंनी बंदूक पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते फाटकावर पहाऱ्याला काठी घेऊन उभे होते. मला बघून हसले.

पुढे ते अकोल्याला राहायला गेले. दर दिवाळीला सांगायचं ठरवून मी जायचो आणि फराळ करून परत यायचो. आता ते नाहीत. त्यांची मुलगी नातवंडांना सांगते, आमच्या बाबांचा हात लवकर गेला. पोरी, तुला सांगतो, त्या दिवशी तुझ्या बाबांनी पाचही गोळ्या एकाच भोकातून घातल्या होत्या. पाहणारा मी एकटाच होतो.