चौकातला चेहरा

चौकात युद्धस्मारक उभं राहिलं तेव्हा किल्लीवाला ऐन पंचविशीत होता. शिल्पकाराला अनामिक सैनिकासाठी साधा, सरळ चेहरा हवा होता. त्याने याला तीन आठवडे समोर बसवून घेतलं. खरं तर लहानपणीच पाय अधू झाल्याने किल्लीवाल्याने लढाईचं तोंडही पाहिलं नव्हतं. बायको म्हणायची, "पुतळ्यातला नवरा बरा, निदान घोरत तरी नाही."

वीस वर्षांनी एक म्हातारी कुलूप घेऊन दुकानात आली. किल्ली तयार झाली तशी तिने ती त्याच्याच मुठीत ठेवली.

"तुझी हरवली असेल," ती म्हणाली, "नाहीतर घरी आला नसतास का?"

चौकात रोज एक म्हातारी पुतळ्याकडे बघत बसलेली त्याला दिसायची; ती हीच, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने परोपरीने समजावलं, की पुतळ्याचा नुसता तोंडवळा माझा, मी काही तुमचा मुलगा नव्हे. लंगडा पायही दाखवला. पत्ता तेवढा सांगून ती हसत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो किल्ली परत द्यायला गेला. खोली लख्ख झाडलेली, भिंतीवर लष्करी वेशातल्या मुलाचा एकच फोटो. किल्लीवाला फोटोजवळ गेला. चेहरा त्याचाच होता. नुसता मिळताजुळता नव्हे, हनुवटीवर कानस लागून झालेली खूणसुद्धा तीच. आणि ती जखम तर पुतळा झाल्यानंतरची.

"आलास? बस," म्हातारी म्हणाली. "पाय दुखत असेल."

त्याला नाही म्हणवेना. मग दर गुरुवारी तो जाऊ लागला. तिची औषधं आणायचा, दाराच्या कडीकोयंड्याला तेल द्यायचा, मुलाच्या लहानपणच्या गोष्टी निमूट ऐकायचा. बायकोने आधी तोंड फुगवलं, पुढे तीच डबा भरून द्यायला लागली. पण म्हातारीने अर्ध्यावर सोडलेली आठवण कधीकधी त्याच्याच तोंडून पुरी व्हायची, आणि ती बरोबर निघायची. हे मात्र त्याने घरी सांगितलं नाही.

सहा वर्षांनी म्हातारी गेली. खोली आवरताना तिच्या भाचीने फोटो उतरवून त्याच्या हातात दिला. त्यात रुंद जबड्याचा, जाड भुवयांचा कुणी परका तरुण होता.

"भिंतीवरचा तो हाच?" त्याने विचारलं.

"मावशीकडे एकच फोटो होता," भाची म्हणाली.

त्याने तो घरी नेऊन कपाटात जपून ठेवला. त्या दिवसापासून आरशासमोर उभं राहणं त्याने सोडलं. दाढीसुद्धा तो सलूनमध्ये करून घ्यायचा, डोळे गच्च मिटून.