हिरव्या बुरशीचा ढीग

त्या सकाळी मी भावजींच्या हातावर फावडं घातलं. थोरले दीर, ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला न्हाई, त्यांच्या हातावर. करंगळीचं हाड मोडलं. मला त्याचं वाईट वाटलं न्हाई, आजही वाटत न्हाई.

भांडण हळदीचं होतं. डोंगरकड्याकडं आमचं काळं रान. आदल्या साली भादव्यात पाणी साचलं आन् हळदीचे कंद जमिनीतच सडले. पान पिवळं, ओढलं की खोड हातात, खाली मेल्या जनावरासारखा वास. तवाच भावजी म्हणले होते, "पुढल्या साली बी सडली तर हळद बंद. सगळं सोयाबीन." त्यांना काय जातंय म्हणायला? लावणीपासून कंद शिजवीपर्यंत त्या वावरात मी मरते. हळदीत माझा शब्द चालतो. सोयाबीनात मला कोण विचारून राहिलं?

माझ्या माहेरी मेंढरं आहेत. उन्हाळ्यात तो कळप आमच्या वावरात बसवला आन् लेंडीखत गोळा केलं. कळमनुरीच्या बाजारातून ट्रायकोडर्माची पुडी आणली, गुळाच्या पाण्यात कालवून खतात मिसळली. ती बी बुरशीच, पण कंद सडवणाऱ्या बुरशीला विळखा घालून जित्ती खाणारी. लिंबाच्या सावलीत ढीग लावला, वर ओलं बारदान टाकलं. रोज हात घालून बघायची. एक दिवस ढीग अंगभर हिरवा झाला, म्हंजी माझी बुरशी धरली. इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन एकटीच हसत बसले.

भावजींनी तो हिरवा ढीग बघितला आन् त्यांना वाटलं, खताला बुरशी लागली. बिचाऱ्यांनी उपकार करायचे म्हणून पहाटेच पंप पाठीवर घेतला आन् सगळ्या ढिगावर बुरशीनाशक मारलं. मी गेले तर औषधाचं निळं पाणी ओघळून राहिलं होतं.

"काळजी करू नको," भावजी म्हणले, "समदी मारून टाकली."

फावडं शेजारीच पडलं होतं.

त्यांनी दुसऱ्या हातानं माझी वेणी धरली आन् मला ढिगावर तोंडघशी आपटलं. तोंडात खत, नाकात औषध. आमचे हे पळत आले. आधी मला दोन ठेवून दिल्या, मग भावाची गचांडी धरली. दोघं सख्खे भाऊ निळ्या चिखलात लोळले. एकाचा ओठ फाटला, दुसऱ्याचा कान. शेजारच्या वावरातल्या माणसांनी येऊन सोडवलं, न्हाईतर कोणीतरी मेलं असतं.

ढिगाच्या बुडाला औषध पोचलं न्हवतं. शिव्या देत, रडत ते तेवढं खत मी उकरून काढलं. कडेच्या दोन वाफ्यांना पुरलं.

भादव्यात हळद पुन्हा सडली. भावजी कुदळ घेऊन वावरात घुसले. सडकी रोपं उपटून बाहेर टाकतात, पण त्यांनी उपटली न्हाईत, ठेचली. वाकडं बोट तसंच धरून कुदळ वर नेत होते, खाली हाणत होते. सडका चिखल त्यांच्या तोंडावर उडत होता. "बंद म्हणलं होतं मी, बंद." एकेक वाफा आडवा करत ते कडेच्या दोन वाफ्यांपाशी आले. मी मधी उभी राहिले. त्यांनी कुदळ उगारली.

"मला मारा," मी म्हणले, "पण आधी एक उपटून बघा."

त्यांनी एका हातानं रोप ओढलं. निघंना. कुदळ टाकून दोन्ही हातांनी ओढलं तवा मातीसकट गड्डा वर आला. एक हळकुंड त्यांनी मोडलं. कट्कन मोडलं, आत पिवळंधमक. नाकाला लावलं.

"ह्याला काय घातलंस?"

"ढिगाच्या बुडाचं खत. तुमचं औषध पोचलं न्हवतं ते."

भावजींनी मागं वळून सगळ्या वावरावर नजर टाकली.

"म्हंजी हे समदं मी मारलं व्हय?"

"व्हय, भावजी."